एकेचाळीस सोडून कोणीही

माणसाला एखादं वेड असावं म्हणतात. चेस्टर प्लुटाला एकच होतं, पण ते मैदानातल्या पाचांना आणि बाकावरच्या सातआठांना पुरून उरेल एवढं होतं. टोलेडोच्या बास्केटबॉल संघातला कोणता खेळाडू कोणाला देऊन टाकावा आणि त्याच्या बदल्यात कोणता आणावा, हे तो गेली एकोणीस वर्षं ठरवत आला होता. संघाच्या मालकांनी त्याला हे काम सांगितलेलं नव्हतं, एवढी किरकोळ अडचण सोडली तर कारभार अगदी चोख होता.

हा कारभार चाले नदीच्या पूर्वेला, हंगेरियन वस्तीतल्या इलोना बोदीच्या हॉटेलात, दर बुधवारी दुपारी बारा ते दोन. बुधवारच का, तर त्या दिवशी चेस्टरची बायको लोरेन चर्चमध्ये बिंगो खेळायला जाते. काउंटरच्या टोकाचं, भिंतीलगतचं स्टूल चेस्टरचं. कोबीच्या पानात भरलेलं मटण संपलं की तो बशीखालचा कागद अलगद ओढून काढी. इलोना प्रत्येक गिऱ्हाइकापुढे असा कागद अंथरते. वरच्या बाजूला ओहायोचा नकाशा छापलेला, आणि कडेने गावातल्या जाहिराती: एक प्लंबर, एक दातांचा डॉक्टर आणि खालच्या कोपऱ्यात एक मयतीची व्यवस्था करणारे. "जेवणाच्या कागदावर मयतवाले कशाला गं?" असं कोणी विचारलं की इलोना म्हणते, "राजा, माझी सॉसेजं खाणाऱ्याला पत्ता माहीत असलेला बरा."

नकाशाकडे चेस्टर ढुंकूनही बघत नसे. तो कागद उलटा करी, कानामागची पेन्सिल काढी आणि मागच्या कोऱ्या बाजूवर अख्खा संघ मोडून पुन्हा बांधी. बांधून झाला की त्याची एक नक्कल पाकिटात घालून संघाच्या कचेरीला पाठवायची, आणि मूळ कागद इलोनाने गल्ल्यामागच्या भिंतीवर टाचणीने लावायचा. कचेरीकडून दरवेळी एकच छापील पत्र येई: आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत, सोबत पुढच्या हंगामाच्या तिकिटांचं पत्रक. भिंतीचा नियम मात्र जास्त उदार होता. भिंतीवरची एखादी अदलाबदल खरोखर झाली, नावाला नाव जुळलं, तर त्या दिवशी हॉटेलात असेल त्या प्रत्येकाला आंबट चेरी भरून भाजलेलं स्ट्रूडल फुकट. एकोणीस वर्षांत इलोनाची एक चेरीही खर्ची पडली नव्हती.

संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. खेळही नावाला जागणारा. एका पायावर उभं राहायचं आणि मासा आपण होऊन चोचीत येईल म्हणून वाट बघायची.

आता या धंद्यातला एक कायदा टोलेडोत पाळण्यातलं पोरही जाणतं. दुसऱ्याचा खेळाडू आणायचा तर साधारण त्याच्याच पगाराएवढ्या पगाराचे आपले द्यावे लागतात. मोठ्याला मोठा मिळतो, पण थोडक्यासाठी हिशेब अडतो. अशा अडलेल्या हिशेबासाठी देवाने आमच्या संघाला एक माणूस दिला होता. आमोस थिबोडो, अंगावर एकेचाळीस नंबर. उंची सात फुटांना एक इंच कमी, वय चौतीस, गुडघे मात्र साठीचे. सामन्यात तो चार मिनिटं खेळे आणि उरलेला वेळ बाकावरून टॉवेल हलवी. त्याचा पगार ना मोठा ना लहान, आणि करार येत्या उन्हाळ्यात संपणारा. कोणत्याही अदलाबदलीत त्याला घातला की बेरीज जुळलीच म्हणून समजा. निवृत्त पोस्टमन रूफस टॉलिव्हर, ज्याचं स्टूल चेस्टरच्या शेजारी, त्याने त्याला नावच देऊन टाकलं होतं: "थिबोडो म्हणजे आपले सुट्टे पैसे."

आणि गंमत अशी, की चेस्टर या सुट्ट्यांना कधी हात लावत नसे. त्याने या भिंतीवर संघाचा कप्तान विकला होता, मुख्य प्रशिक्षक विकला होता (तो विकता येत नाही असं कळल्यावरही), एकदा तर रागाच्या भरात आपला बगळ्याचा वेष घालून नाचणारा माणूसही देऊ केला होता. पण एकेचाळीस? छे. एकेचाळीस सोडून कोणीही मागा.

का, ते तो सांगत नसे. आणि इलोनाला दोन गोष्टी सहन होत नसत: गार झालेलं सूप आणि अर्धवट कळलेली गोष्ट.

तर्क पुष्कळ होते. शेजारच्या केस कापायच्या दुकानाची मालकीण ग्लेनिस, जिच्या दुकानात रेडिओ दिवसभर बोलत असतो आणि रेडिओ दम घेतो तेव्हा ती बोलते, तिचं म्हणणं यामागे बाई असणार. रूफस म्हणे, थिबोडो चेस्टरचा चोरून झालेला मुलगा आहे. चेस्टरची उंची पाच फूट चार इंच. "म्हणून तर कोणाला संशय येत नाही," रूफस म्हणायचा.

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी हॉटेलात बसायला जागा नव्हती. अदलाबदलीची मुदत दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी तीनला संपणार होती. बगळे नवव्या क्रमांकावर उभे होते, नेहमीसारखे एका पायावर.

"मग साहेब," रूफसने कॉफीत साखर ढवळत विचारलं, "आज काय विकायला काढलंय?"

"मॅलरी आणतोय. लुईव्हिलचा," चेस्टर कागदावरून मान न काढता म्हणाला.

"तो तर तू नोव्हेंबरपासून आणतोयस. पोचला नाही अजून. वाटेत बर्फ फार आहे का?"

"थट्टा नको. हे बघ. आपले दोन्ही फॉरवर्ड लुईव्हिलला. शिवाय पुढच्या वर्षी नवी पोरं निवडायचा आपला पहिला हक्क, तोही लुईव्हिलला. आता थोडं कमी पडतंय. म्हणून तिसऱ्या संघाला, टल्साला, मध्ये घ्यायचं. टल्सा आपला एक लुईव्हिलला देईल, आपण बाकावरचे तीन टल्साला देऊ, टल्सा त्यातला एक परत..."

"थांब, थांब. माझी कॉफी गार झाली. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? ती टल्सा खोड, एकेचाळीस टाक. सुट्टे दे आणि मोकळा हो. एका ओळीचं काम!"

"एकेचाळीस नाही."

"अरे पण का?"

"नाही म्हणजे नाही."

"गुडघे गेलेत त्याचे!"

"तुझेही गेलेत. तुला विकलं का कोणी?"

"कोणी घेईल तर ना! माझ्या बायकोने दोनदा विचारून बघितलंय."

सगळा काउंटर हसला. चेस्टर हसला नाही. त्याने पेन्सिल कानामागे खोचली, टोपी घातली आणि उठला. "माणसाला सुट्टे म्हणू नये, रूफस," एवढं बोलून तो बाहेर पडला. कपात कॉफी अर्धी शिल्लक होती. चेस्टर प्लुटाने या हॉटेलात कॉफी अर्धी टाकल्याचं इलोनाने कधी पाहिलं नव्हतं.

दुपारची गर्दी ओसरली आणि तिने एक असं काम केलं, जे खरं तर तिने कधीच करायला हवं होतं. ती स्टुलावर चढली आणि भिंत वाचायला लागली. एकावर एक टाचलेले कागद, काहींवर सूप सांडलेलं, काहींवर मोहरी. थिबोडो टोलेडोत आला आठ वर्षांपूर्वी. आणि पहिल्या दोन वर्षांत, अरे वा, चेस्टरने त्याला खुशाल विकला होता! एकदा दोनदा नव्हे, नऊ वेळा. त्यातल्या एका कागदावर तर बदल्यात काय हवं त्या जागी लिहिलं होतं: "नुसते आभार मानले तरी चालेल."

मग एका ऑक्टोबरपासून एकदम बंद. सहा वर्षं एकेचाळीसचं नाव नाही.

त्या ऑक्टोबरात काय झालं असेल? इलोना स्टुलावर उभीच राहिली. गल्ल्यापाशी एक गिऱ्हाईक दोनदा खाकरलं तेव्हा कुठे ती खाली उतरली.

गुरुवारी चेस्टर आला. लक्षात घ्या, गुरुवारी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. एक वाजता स्टुलावर बसला, काही मागवलं नाही, टोपी काढली नाही. रूफसही आला होता, पण कालच्या प्रकारानंतर तो जरा बेतानेच बोलत होता, म्हणजे इतरांएवढंच. इलोनाने न विचारता चेस्टरपुढे कागद अंथरला आणि लाल मिरचीच्या रश्शातलं चिकन पाप्रिकाश ठेवलं.

"तू काल सगळी भिंत वाचलीस," चेस्टर म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"टाचण्या सगळ्या नीट झाल्यात."

तीनला वीस मिनिटं कमी असताना ग्लेनिस धावत आली. तिच्या एका हातात कात्री होती, आणि शेजारच्या दुकानात कोणीतरी अर्ध्या कापलेल्या केसांनिशी बसलं असणार. "झालं! मॅलरी आला! मॅलरी आपला झाला!"

हॉटेलात एकच गलका उडाला. रूफसने काउंटरवर थाप मारली. "बदल्यात काय? ग्लेनिस, बदल्यात काय दिलं?"

"दोन्ही फॉरवर्ड," ग्लेनिस बोटांवर मोजत म्हणाली. "पुढच्या वर्षीचा पहिला हक्क. आणि..." ती चेस्टरकडे बघून थबकली. "आणि थिबोडो."

रूफस तोवर भिंतीपाशी पोचलासुद्धा होता. कालचा कागद उपटून त्याने सर्वांना दाखवला. "बघा, बघा! दोन फॉरवर्ड, बरोबर! हक्क, बरोबर! फक्त टल्सा गेलं आणि एकेचाळीस आला. चेस्टर, गड्या, एकोणीस वर्षांनी! इलोना, स्ट्रूडल काढ. शंभरात नव्वद जुळलंय!"

इलोनाने सुरी उचललीही होती.

"ठेव ती," चेस्टर म्हणाला. "नावाला नाव, असं ठरलंय. ती माझी अदलाबदल नाही."

इलोनाने सुरी खाली ठेवली. ग्लेनिसला आपलं अर्धं कापलेलं गिऱ्हाईक आठवलं. इलोना काउंटरच्या बाहेर येऊन चेस्टरशेजारच्या स्टुलावर बसली. आपल्याच हॉटेलात ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसते ती फक्त कोणी गेलं तर.

"मीच त्यांना मॅलरी सुचवला," चेस्टर म्हणाला. "तीन महिने दर आठवड्याला पत्र टाकतोय."

"राजा, ते तुझी पत्रं वाचत नाहीत."

हे सांत्वन होतं की चपराक, ते बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळेना. चेस्टरने मात्र मान डोलावली. "तेच तर. कोणीच वाचत नाही. तेहेतीस वर्षं मी शाळांच्या बस कुठून कशा जातील ते ठरवलं. चाळीस बस. एकही पोर कधी घंटेनंतर पोचलं नाही, वादळाचे दोन दिवस सोडले तर. मग त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि मला केक कापून घरी पाठवलं. घरी लोरेन. बाजूच्या दुकानात जायचं तरी फोन सांगेल तिकडे वळते. मी शेजारी बसलेला असताना! मी म्हणतो डावीकडे, फोन म्हणतो उजवीकडे, गाडी उजवीकडे."

"आणि थिबोडो?"

"सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, पेरिसबर्ग रस्त्याला किराणा मालाचं ते मोठं दुकान उघडलं, आठवतं? संघाने सह्या द्यायला एक खेळाडू पाठवला होता."

"थिबोडोला पाठवला?"

"दुसरं कोण जाणार! बिचारा भोपळ्यांच्या ढिगाशेजारी टेबल मांडून बसलेला. रांग नाही, माणूस नाही. म्हटलं, चला, संघातला माणूस सापडलाय, दोन शब्द सुनवावे. मी त्याला सांगितलं की आपल्याला चेंडू नीट खेळवणारा गार्ड हवा, आणि त्याच्यासाठी तुला द्यावा असं माझं मत आहे."

"तोंडावर?"

"तोंडावर म्हणजे, तो बसलेला होता म्हणून तोंडापर्यंत पोचलो." चेस्टर पहिल्यांदा किंचित हसला. "तो म्हणाला, 'सर, त्या बाबतीत मला कोणी विचारत नाही. पण तुम्ही इथलेच दिसता. मला घरून मैदानावर पोचायला चाळीस मिनिटं लागतात. रोज उशीर, रोज दंड. फोन दरवेळी त्या मोठ्या पुलावरूनच नेतो. दुसरी वाट आहे का?' इलोना, मला, मला विचारलं त्याने, वाट आहे का म्हणून! म्हटलं, मी शाळांचा बसवाला, आणि सांगितली. धान्याच्या कोठाराच्या मागून, तिसऱ्या सिग्नलला फोन वळ म्हणेल तिथे वळायचं नाही, चर्चपाशी नदी पार करायची. त्याने भोपळ्याच्या पावतीमागे लिहून घेतलं."

"मग?"

"मग दोन आठवड्यांनी मी सामन्याला गेलो. खेळ सुरू व्हायच्या आधी कठड्यापाशी उभा होतो. त्याने मला ओळखलं. तिकडूनच हात वर केला. दोन बोटं. मग परत दोन बोटं. शेजारचा म्हणाला, बघा, विजयाची खूण करतोय, दोन दोन वेळा." चेस्टरने टोपी काढून मांडीवर ठेवली. "बावीस मिनिटं, इलोना. चाळीसची बावीस."

इलोनाला सहा वर्षांच्या कोड्याचं उत्तर मिळालं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण उगाचच यात एखादी बाई असल्याची आशा धरून होतो. हे बाईपेक्षा वाईट होतं. एकोणीस वर्षांच्या शेकडो सूचना वाऱ्यावर गेल्या असताना, ज्याने एक सूचना ऐकली, तो माणूस निघाला होता.

"आता विमानाने जाईल भुर्रकन," मागून रूफस म्हणाला. तो केव्हापासून ऐकत होता कोण जाणे.

"नाही जाणार," चेस्टर म्हणाला. "दोन कुत्रे आहेत त्याचे, वासराएवढे. पेपरात आलं होतं. त्यांना तो विमानात घालत नाही. उन्हाळ्यात घरी लुइझियानालासुद्धा गाडीने जातो. उद्या सकाळी निघेल बघ. आणि फोन त्याला नेईल पंच्याहत्तर नंबरच्या हायवेने, सरळ दक्षिणेला, सिनसिनाटीच्या पुलावर. शुक्रवारी दुपारी त्या पुलावर! ट्रकांच्या मध्ये, दोन कुत्रे मागे..."

बोलता बोलता तो थांबला. पाप्रिकाशची बशी बाजूला सारून त्याने खालचा कागद ओढला. इलोना सांगते की तो क्षण तिला अजून दिसतो: चेस्टरने कागद उलटा केला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने नकाशाची बाजू वर ठेवली आणि पेन्सिल टेकवली टोलेडोवर.

"चोवीस नंबर धरायचा, नदीच्या काठाने नैऋत्येला," तो पुटपुटत होता. "नेपोलियन गाव सोडायचं. डिफायन्सला पहिला थांबा, तिथे पेट्रोल भरायचं, पंपामागे मोकळी जागा आहे, कुत्र्यांना पाय मोकळे करता येतील. मग फोर्ट वेन. तिथून..." इथे ओहायो संपलं. चेस्टरने क्षणभरही विचार न करता इंडियाना राज्य कागदाच्या कडेवर काढायला घेतलं. हायवे दातांच्या डॉक्टरवरून खाली उतरला, इंडियानापोलिस प्लंबरच्या फोन नंबरवर आलं, आणि लुईव्हिल नेमकं मयतवाल्यांच्या जाहिरातीत जाऊन पोचलं.

"शकुन काही बरा नाही," रूफस वाकून बघत म्हणाला.

"लुईव्हिलचा यंदाचा खेळ बघता बरोबर आहे," चेस्टर म्हणाला, आणि त्या दोघांचं तिथे मिटलं.

खेळाडू आपलं सामान न्यायला मैदानावर येणार, हे सगळ्यांना माहीत. इलोनाने गाडीच्या चाव्या उचलल्या. चेस्टरला मदत म्हणून, असं ती सांगते. पण एवढं झाल्यावर पुढचं न बघता मागे राहणं तिला मरणाहून कठीण होतं. कॉफीचं भांडं रूफसच्या हवाली करून दोघं निघाली. गाडी चेस्टर सांगेल तशी चालवली तिने, फोन पर्समध्ये बंद करून. नऊ मिनिटांत पोचली.

खेळाडूंच्या गाड्या जिथे लागतात त्या फाटकावर पहारेकरी होता. "सही इथे मिळत नाही, आजोबा," तो खिडकीतून म्हणाला.

"सही घ्यायला नाही आलो. रस्ता द्यायला आलोय."

पहारेकऱ्याने इलोनाकडे पाहिलं.

"बरोबर ऐकलंस, राजा," इलोना म्हणाली. "एकेचाळीस नंबरला द्यायचा. सांग, बसवाल्याने दिलाय."

त्याने कागद घेतला. दोन्ही बाजूंनी पाहिला, मयतवाल्यांची जाहिरात वाचली, परत चेस्टरकडे पाहिलं. "रस्ता तर त्याला फोनच..." तो थांबला. "बरं. देतो." आणि कागद त्याने थर्मासखाली दाबून ठेवला. थिबोडो काही दिसला नाही. थंडी मी म्हणत होती. पाच मिनिटं उभं राहून दोघं परतली, आणि थर्मासखालून तो कागद पुढे हलेल की तिथेच कॉफीचे डाग झेलत राहील, हे वाटेत दोघांपैकी कोणी बोललं नाही.

हॉटेलात आल्यावर कळलं की रूफसने कॉफी जाळली होती आणि स्ट्रूडल कापलं होतं. "नव्वद टक्के जुळलं म्हणून नव्वदच टक्के वाटलं," तो न्यायाधीशासारखा म्हणाला. "हे उरलेले दहा टक्के तुमचे."

आता इलोनाचा स्वभाव. डिफायन्सच्या त्या पेट्रोल पंपावर, जो चेस्टरने नेमका खुणेचा म्हणून गोल करून ठेवला होता, तिथल्या दुकानात तिची मामेबहीण व्हर्ना कामाला आहे. इलोनाने त्याच संध्याकाळी फोन केला. "व्हर्ना, उद्या एक उंच माणूस येईल, दोन कुत्रे घेऊन. आला की कळव."

"किती उंच?"

"दारात वाकला तर तोच."

शुक्रवारी दुपार झाली, फोन नाही. शनिवार नाही. रविवारी इलोनाने स्वतः फोन केला तर व्हर्नाच्या नवऱ्याने सांगितलं की गुरुवारी रात्रीपासून तिला ताप आहे, पंपावर गेलीच नाही. इलोनाने तापाची चौकशी केली, पण मनापासून नाही. सोमवारी एका बातमीत थिबोडो लुईव्हिलच्या सरावाला दिसला, टॉवेल हलवताना. तो पोचला हे कळलं. कोणत्या वाटेने, ते बातमीदाराने विचारलं नव्हतं. बातमीदारांना कधी नेमकं काय विचारावं ते सुचत नाही.

मंगळवारी संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला. बुधवारी बारा वाजता चेस्टर दार उघडतोय न उघडतोय तोच इलोना काउंटरच्या बाहेर.

"बस आधी. व्हर्ना कामावर नव्हती, पण तिच्या जागी जी पोरगी होती तिने सांगितलंय. शुक्रवारी एक माणूस आला. दारात वाकला. मागे गाडीत दोन कुत्रे, खिडक्या चाटत होते. पंपामागे कुठे मोकळी जागा आहे ते त्याने विचारलंच नाही, सरळ तिकडेच घेऊन गेला त्यांना."

चेस्टर उभाच होता.

"आणि पैसे देताना," इलोना म्हणाली, कारण चांगला भाग ती नेहमी शेवटी वाढते, "त्याने खिशातून एक कागद काढून काउंटरवर पसरला आणि बोट ठेवून वाचला. पोरीला कागद लक्षात राहिला. म्हणाली, लुईव्हिलला जायचा नकाशा आणि टोकाला मयतवाले, असा कागद मी जन्मात बघितला नाही."

रूफसने शीळ घातली. हॉटेलातल्या चारपाच जणांना आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय हे माहीत नव्हतं, तरी त्यांनी वाजवल्या.

चेस्टरने एकच विचारलं. "किती वाजता?"

"सव्वा अकरा."

तो स्टुलावर बसला. डोळे अर्धवट मिटून त्याचे ओठ हलत होते. चाळीस बस एकदम धावत असाव्यात आत. "म्हणजे दहाच्या सुमारास निघाला. सव्वाबाराला फोर्ट वेन. सव्वादोनला इंडियानापोलिस, शाळा सुटायच्या आधी. सव्वाचारला दारात." त्याने डोळे उघडले. "ठीक आहे. नऊला निघायला हवं होतं. पण ठीक आहे."

त्याने कोबीची दोन पानं जास्त मागवली, सगळी कॉफी प्यायली, आणि मग बशीखालचा कागद ओढून उलटा केला. कोऱ्या बाजूवर पेन्सिल भराभर चालायला लागली. इलोना उलट्या बाजूने अक्षरं वाचायला वाकली. या कलेत तिचा हात धरणारा नदीच्या दोन्ही तीरांवर कोणी नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "थिबोडोला परत आणतोय हा."

"पुढच्या हंगामात," चेस्टर म्हणाला. "उन्हाळ्यात त्याचा लुईव्हिलशी नवा करार होईल. मग आणू."

"साठीचे गुडघे!" रूफस ओरडला. "पस्तिशीचा होईल तोवर! त्याच्या बदल्यात देणार तरी काय? सुट्टे आहेत का तुझ्याकडे?"

चेस्टरने मान वर केली नाही. कागदावर त्याने एक नाव लिहिलं होतं, त्याला खालून दोन रेघा मारल्या, आणि कागद इलोनाच्या हातात टाचणीसाठी दिला. नाव होतं मॅलरीचं.

"त्याच्यासाठी सुट्टे नाही चालायचे," तो म्हणाला. "बंदा द्यावा लागेल."